पहिल्या प्रश्नाला नापास

जमगोल, ८ ऑक्टोबर १९७८

तेसप,

तिकडे परदेशात, खाणीवर, पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तू हे पत्र आठवडाभर न उघडता ठेवशील, हे मी धरूनच चालले आहे. मीही लिहून झाल्यावर ते दोन दिवस पर्समध्ये घेऊन फिरणार, म्हणजे फिट्टंफाट.

घरी सगळं ठीक आहे. आईचे गुडघे बोलतात, पण तिच्यापेक्षा कमीच. मी शनिवारी शाळेत शिकवून झालं की देजॉनहून इकडची बस पकडते आणि रविवारी संध्याकाळी परत जाते. आपल्या गल्लीतल्या तीन घरांनी कुंभारकामाची चाकं विकून टाकली. आप्पा अजून रांजण घडवतात.

लिहायला कारण घडलं ते ईस्टरच्या आधी. तेव्हाच लिहायला हवं होतं. तुझ्या वेळचे म्हातारे फ्रेंच फादर आता नाहीत. सेमिनरीतून नुकते बाहेर पडलेले, तिशीही न गाठलेले फादर यून ईस्टर आणि नाताळाआधीची चाचणी घ्यायला येतात. बाकी सगळं तसंच आहे. पुरुष डावीकडे, बायका उजवीकडे, एकेकाने उठून धर्माच्या प्रश्नोत्तरीतलं पाठ उत्तर चालीवर म्हणायचं आणि पापनिवेदनाची चिठ्ठी घ्यायची. चिठ्ठी नाही तर सणाचा ख्रिस्तप्रसाद नाही. माथियाकाका अजूनही दरवर्षी अडकतात, आणि प्रार्थनाघराचे कारभारी म्हणून फादरांशेजारी बसलेले आप्पा अजूनही ओठ हलवून त्यांना उत्तर पुरवतात.

शेवटी कारभाऱ्यांचा मान म्हणून त्यांना सगळ्यात सोपा, पहिला प्रश्न विचारायचा, हेही तसंच. फादर यूननी हसत हसत विचारलं, "कारभारी, देवानं माणसाला कशासाठी घडवलं?"

आप्पा उभे राहिले. आम्ही सगळे त्यांच्याबरोबर मनात चाल धरायला तयार: 'देवाला ओळखून त्याची भक्ती करायला, आणि आपला आत्मा तारायला.' ते म्हणाले, "येत नाही."

फादरांना गंमत वाटली. ते म्हणाले, "तुम्हाला येत नाही तर मला तरी कुठून येणार?" सगळे हसले. त्यांनी चिठ्ठी पुढे केली. आप्पांनी ती दोन्ही हातांनी घेतली, वाकून नमस्कार केला आणि परत टेबलावर ठेवली. मग फादरांशेजारची जागा सोडून ते दाराजवळ जाऊन बसले. तेव्हापासून दर रविवारी ते तिथेच बसतात. ख्रिस्तप्रसाद घेत नाहीत.

हे तुला कळवायलाच हवं होतं असं नाही. तरी कळवलं.

तुझी ताई,
इनसुक


जमगोल, २२ ऑक्टोबर

तेसप,

मागच्या पत्रात 'घरी सगळं ठीक आहे' असं लिहिलं ते खोटं होतं. पत्र पेटीत टाकल्यावर हात आत घालून ते परत काढता येईल का, हेही मी पाहिलं. आता खरं लिहिते.

आप्पांची फुप्फुसं गेली आहेत. लहानपणापासूनची माती आणि भट्टीचा धूर. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की वसंत ऋतू दिसेलच असं धरून चालू नका. बाजूला घेण्याचा काही उपयोग झाला नाही. आप्पा पडद्याआडून म्हणाले, "डॉक्टर, जरा मोठ्यानं बोला, मला ऐकू येत नाही."

फादर यून दोनदा येऊन गेले. आजाऱ्याचं तेल लावू, ख्रिस्तप्रसाद देऊ म्हणाले. आप्पा त्यांना मानाने बसवतात, गरम पाणी देतात आणि नाही म्हणतात. ज्या माणसाने फादरांविना, मिस्साच्या उपासनेविना राहिलेल्या या डोंगरात इतकी वर्षं प्रार्थना जिवंत ठेवली, ज्याने निम्म्या गावाला मरताना हात धरून देवाचं नाव ऐकवलं, तो स्वतः उपाशी जायला निघालाय. आई दिवसभर भांडी आपटते. तिला दुसरं काही नको आहे, तेसप. त्यांनी ख्रिस्तप्रसाद घेऊन जावं, एवढंच हवं आहे. मलाही.

काल दुपारी मी चाकाशेजारी बसले आणि सरळ विचारलं. तुला त्यांचा हात आठवत असेल, बोलताना तो थांबत नाही. मातीचा जाड दोर गोल गोल चढवत, आतून ठोकत ते म्हणाले, "मागच्या हिवाळ्यात ट्रकवाला माल न्यायला आला. तीनच रांजण उचलले आणि ट्रकची फळी लावली. म्हणतो, 'आजोबा, लोक आता फ्लॅटमध्ये राहतात. प्लास्टिकचा डबा हलका, पडला तरी फुटत नाही. कुणाला नको असलेली वस्तू तुम्ही घडवता तरी कशाला?' मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि वाटलं, हा प्रश्न मी आधी ऐकलाय."

मी मातीचा पुढचा दोर त्यांच्याकडे सरकवला.

"तेसपनं विचारला होता. देवाला कशाची कमी नाही, कुणाची गरज नाही, मग घडवलं कशाला? मी काय म्हणालो होतो, आठवतं?"

"आठवतं."

"म्हण."

"आप्पा, नको."

"म्हण, पोरी. चाचणीत म्हणतेस तसं."

मग म्हणाले मी. 'ज्याला पहिल्या प्रश्नाचं उत्तर येत नाही, त्यानं या घरात ताटावर बसू नये.' तू फादर व्हायचं टाकून सेमिनरी सोडून आलास त्या दिवशीचे त्यांचेच शब्द. तू उठलास, आणि भाताला हातही लागलेला नव्हता.

"नियम मी केला," आप्पा म्हणाले. "मुलाला लावला. आता मलाच उत्तर येत नाही म्हटल्यावर मी देवाच्या ताटावर कसा बसू?"

आई दारातून ओरडली, "देवाच्या ताटावर बसत नाहीत म्हणे! माझ्या ताटावर बरे बसता. काल दोन वाट्या भात संपवलात, तेव्हा कुठे गेला होता नियम?"

"तुझ्या ताटावर बसलो नाही तर तू जगू देशील का?"

मला हसू आलं आणि लगेच स्वतःचा राग आला. पण खरं सांगू? राग टिकला नाही. या वयात, इतका मान मिळालेला माणूस, पाठ असलेलं उत्तर तोंडात तयार असताना, सगळ्या गावासमोर 'येत नाही' म्हणतो. मी रोज सत्तर मुलींसमोर उभी राहते. मला न येणारी किती तरी उत्तरं मी खणखणीत आवाजात दिली आहेत.

माझी विनंती अशी. तू त्यांना लिही. इतक्या वर्षांत तुला काय सापडलं ते लिही. काहीच सापडलं नसेल तर तेही लिही. मी हे त्यांना न सांगता मागते आहे.

ताई


जमगोल, १२ नोव्हेंबर

तेसप,

तुझं पत्र नाही. टपाल उशिरा येतं हे मला कळतं. तू उत्तर देणार नाहीस हेही मला कळतं. दोन्हींपैकी कोणतं खरं, हे ठरवायचं मी टाळते आहे.

या आठवड्यात भट्टी लागली. आप्पांनी उन्हाळाभर घडवलेले रांजण, ज्यांना एकही गिऱ्हाईक नाही, ते भाजायला सगळं गाव आलं. ज्यांनी चाकं विकली तेही आले. कोणी बोलावलं नव्हतं. पाईनची लाकडं स्वतःच्या अंगणातून घेऊन आले. आप्पांना भट्टीकडचा चढ चढवेना, तर माथियाकाकांनी त्यांना पाठीवरच्या लाकडी घोडीवर बसवलं, जिच्यावरून ते रांजण वाहायचे तिच्यावरच, आणि निघाले. वाटेत जो भेटेल त्याला सांगत होते, "बाजूला व्हा रे, तडा गेलेला माल आहे."

आप्पा वरून म्हणाले, "माथिया, तू मला पाडलंस तर तुझ्या चाचणीला ओठ कोण हलवणार?"

"यंदा तुम्हीच नापास झालात कारभारी. तुमच्या ओठांवर विश्वास कुणी ठेवायचा?"

दोघं खोकेपर्यंत हसले. मग आप्पांनी भट्टीसमोर क्रूस केला, आणि झरोक्यातून आत बघत बसले. त्यांना जाळाच्या रंगावरून कळतं ते तुला माहीत आहे. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. धुराने काळवंडलेली माणसं ओळीने उभी, हातात लाकडं, आणि एक म्हातारा बोट वर करतो तेव्हाच सगळे एकदम आत टाकतात. कोणाला एका दमडीचा फायदा नव्हता. तेसप, मला त्या क्षणी वाटलं की मी जर देव असते तर केवळ हे पाहायला मिळावं म्हणून माणूस घडवला असता. पुढच्या क्षणी वाटलं, बाई, तू वाक्य सजवते आहेस. दोन्ही खरं आहे.

आता दुसरी गोष्ट. मी तुझ्या नावाने खोटं बोलले.

मागच्या शनिवारी आप्पांना धाप लागली, बराच वेळ ओठ निळे होते. मी घाबरले. रविवारी सकाळी एक कागद हातात धरून सांगितलं, तेसपचं पत्र आलंय. आणि वाचलं. मी लिहिलं होतं ते असं: रांजण घडवणारा त्यात काही भरत नाही. भरतं दुसरंच कोणी, आणि आत जे मुरतं ते तर कोणीच केलेलं नसतं. एकाच भट्टीतले दोन रांजण, एकाच घरचं सोयाबीन, एकच मीठ, तरी चव निराळी. देवाला कशाची कमी नव्हती हे खरं. पण आपण न केलेली चव त्याला कशी ठाऊक असणार? ती चाखायला त्याने माणूस घडवला.

आप्पा डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, "सुंदर आहे."

माझ्या जिवात जीव आला.

"तुझं आहे."

"कशावरून?"

"तेसपनं आयुष्यात माझ्या रांजणाबद्दल एक बरा शब्द काढला नाही." मग हळूच म्हणाले, "आणि हे मडक्यांचं झालं, पोरी. जो उठतो तो देवाला कुंभार म्हणतो. कुंभाराला कुणी विचारत नाही. मी वाकडं निघालं की फोडतो. त्यानं माथियाला ठेवलाय की नाही अजून?"

मी माफी मागितली. ते म्हणाले, माझ्याकडे मागू नकोस, ज्याची सही केलीस त्याच्याकडे माग. म्हणून मागते. ते वाचताना माझा आवाज जरासुद्धा कापला नाही. याची मला सगळ्यात जास्त भीती वाटते.

खोटं पत्र ऐकून झाल्यावर आप्पांनी काय केलं ते सांगायचं राहिलं. खरं पत्र आलंय का म्हणून त्यांनी विचारलं नाही. पण आई सांगते, तेव्हापासून टपालवाल्याची सायकल खालच्या वळणावर वाजली की चाक थांबतं.

ताई


जमगोल, ३ डिसेंबर

तेसप,

आलं.

टपालवाल्याने ते भलत्या वेळी आणलं. अंगणात हिवाळ्याची किमची मुरत घालायचा दिवस होता. कोबीचे डोंगर, शेजारणी, आणि आईचे दोन्ही हात कोपरापर्यंत तिखटात. मी पाकीट घेऊन घरात निघाले तर आई म्हणाली, "इथेच वाच. हात तिखटाचे आहेत, कान नाहीत." आप्पांना ओसरीवर रजईत गुंडाळून बसवलेलं होतं. मी पाकीट आधी त्यांच्या हातात दिलं. त्यांनी तुझं अक्षर नीट पाहून घेतलं, मग माझ्याकडे बघून मान हलवली. म्हणजे या वेळी खरं आहे.

तू अर्धंच पान लिहिलंस. तुझं तुलाच परत लिहून पाठवण्यात अर्थ नाही, पण ते या अंगणात कसं वाचलं गेलं ते तुला कळायला हवं.

'मला अजून उत्तर येत नाही.' इथे शेजारणींच्या माना खाली गेल्या. 'शोधणं सोडून दिलं होतं, ताईच्या पत्रानं पुन्हा सुरू झालं, म्हणून तिच्यावर रागावलोय.' इथे आई माझ्याकडे बघून म्हणाली, बरोबर आहे त्याचं.

मग तुझी खाण. जमिनीखाली हजार मीटर, जेवणाची सुट्टी, आणि तुझ्या शेजारी बसणारा तुर्की, जो वेगळ्या नावानं देवाला हाक मारतो. तो डबा उघडला की आधी अर्धी भाकर तुझ्यापुढे करतो आणि मग स्वतः खातो. तुझ्याकडे तुझा डबा असतानाही. तू विचारलंस, का रे? आणि त्यानं असं पाहिलं की जणू प्रश्नच त्याला कळला नाही.

आप्पा म्हणाले, "थांब. किती?"

"अर्धी."

"याच्याकडे याचा डबा असताना?"

"असताना."

"मोडून देतो?"

आई म्हणाली, "नाहीतर काय चावून देईल?"

अंगणात सगळ्या हसल्या. आप्पा हसले नाहीत. त्यांनी रजईतून हात बाहेर काढला आणि त्याकडे नुसते पाहत राहिले, तळवा वर करून.

मी शेवटच्या ओळी वाचल्या. 'आप्पा, मी रोज जेवायला बसतो. उत्तर नसताना बसतो. तुम्हीही बसा. मार्चमध्ये रजा मिळाली तर येतो.'

आई उठली आणि न्हाणीघरात गेली. आल्यावर म्हणाली, तिखट डोळ्यात गेलं. हात तर तिनं पाठीमागे धरले होते.

आप्पांनी तुझं पत्र आणखी दोनदा वाचून घेतलं. मग मला म्हणाले, "फादरांना निरोप दे. नाताळच्या चाचणीला मी बसणार आहे."

"उत्तर सापडलं?"

"चाचणीआधी सांगायचं नसतं," म्हणाले.

ताई


जमगोल, १७ डिसेंबर

तेसप,

आज जे झालं ते बसमध्ये चढायच्या आधी लिहायला बसले आहे. देजॉनला पोहोचेपर्यंत मी त्यात काहीतरी घालीन किंवा काढीन, स्वतःवर माझा तेवढा भरवसा नाही.

फादर यून म्हणाले होते की घरी येऊन चाचणी घेतो. आप्पा म्हणाले, चाचणी घरी होत नाही. मग चौघांनी घोंगडीची चार टोकं धरून त्यांना बर्फातून प्रार्थनाघरात नेलं आणि भिंतीला टेकवून बसवलं. दाराजवळ, त्यांच्या आताच्या जागी. फादरांनी आपल्याशेजारी बसायला सांगितलं, तर म्हणाले, "आधी पास होऊ द्या."

एकेकाची उत्तरं झाली. माथियाकाका या वेळी कोणी ओठ न हलवता पास झाले. महिनाभर बायकोकडून मार खाल्ल्यासारखे पाठ करत होते म्हणे.

मग आप्पांची पाळी. फादरांचा चेहरा मला दिसत होता. त्यांनी पानं उलटली. मला कळलं, ते सोपा आणि सुरक्षित प्रश्न शोधत होते. आप्पांनाही कळलं. म्हणाले, "फादर, पहिला."

फादरांनी पुस्तक खाली केलं. "देवानं माणसाला कशासाठी घडवलं?"

आईनं माझी बाही धरली होती. शिवण उसवल्याचा आवाज मला ऐकू आला, प्रार्थनाघर इतकं शांत होतं.

आप्पांनी भिंतीला हात लावून उभं राहायचा प्रयत्न केला. जमलं नाही. बसूनच म्हणाले, "कशासाठी घडवलं ते मला येत नाही." मग खोकला आला. बराच वेळ चालला. कोणी पुढे गेलं नाही, कारण त्यांनी हात वर धरून ठेवला होता, अजून संपलं नाही म्हणून. "मला येत नाही, माझ्या मुलाला येत नाही. आम्ही दोघांनी जन्मभर शोधलं. पण घडवलं ते बरं केलं."

तेवढंच. चालीवर नाही, साध्या आवाजात. शेजाऱ्याने वाटीभर भाजी दिली तर म्हणावं, तसं.

फादरांचे कान लाल झालेले दिसले. शेवटी माथियाकाकांना राहवेना. "फादर, पास की नापास?"

फादर यूननी पुस्तक मिटलं. "सृष्टी घडवली त्या पहिल्या आठवड्यात देवानं रोज संध्याकाळी आपल्या कामाकडे पाहून हेच म्हटलं होतं," ते म्हणाले. "त्याला ते परत ऐकवणारं तोवर कुणी नव्हतं." आणि स्वतः उठून दारापर्यंत गेले, आप्पांपुढे गुडघ्यावर बसले आणि चिठ्ठी दिली.

मी फादर यूनना आजवर पोरगेलं समजत होते. ते वाक्य त्यांनी आधी तयार केलं होतं की तिथेच सुचलं, हा विचार माझ्या डोक्यात आला, आणि मी तो हाकलला. आला हे मात्र तुला सांगते.

आप्पांनी चिठ्ठी दोन्ही हातांनी घेतली. वाकले. या वेळी परत ठेवली नाही. मग वर पाहून म्हणाले, "आता दुसरा विचारा."

सगळं प्रार्थनाघर हसलं, तेसप. बायकांच्या बाजूनेसुद्धा. फादरांनी खरंच दुसरा विचारला, तिसरा विचारला, आणि आप्पांनी घडाघडा म्हटलं, धाप लागेपर्यंत. मिस्साच्या वेळी त्यांनी ख्रिस्तप्रसाद घेतला. गिळायला वेळ लागला. आई पुरुषांच्या बाजूला जाऊन त्यांच्यासाठी पाण्याची वाटी धरून बसली, आणि तिला तिथून उठ म्हणायची कोणाची हिंमत झाली नाही.

आता ते झोपले आहेत. श्वासाचा आवाज मला आवडत नाही. मार्च लांब आहे, हे मी लपवणार नाही. रजा आधी मिळत असेल तर घे.

पण झोपण्यापूर्वी त्यांनी मला तुझ्यासाठी एक निरोप सांगितला, आणि तो घाईचा आहे. मला वाटलं, माफीचं काही बोलतील. मी कागदही घेतला. ते म्हणाले, "तेसपला विचार, त्या तुर्क्याचं नाव काय. मला त्याच्यासाठी प्रार्थना करायची आहे, आणि नुसतं 'तुर्की' म्हणून करणं बरं दिसत नाही. हजारो असतील."

मी म्हटलं, "देवाला कळेल, आप्पा, कोणता ते."

"देवाला कळेल. मला कळायला नको?"

टपालाला जातो तेवढा वेळ आप्पांकडे आहे की नाही, मला माहीत नाही. म्हणून तेसप, तार कर. आधी त्याचं नाव पाठव, मग तू ये.

ताई